मालकानं सिनेमा ऐकला तो दिवस

मी मूळचा बार्शीटाकळीचा. आता अमरावतीले बिऱ्हाड हाय, पण कोणी इचारलं कुठचे, तर तोंडातून गावच येते. बाप लवकर गेला, माय दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाये, मी चौथीत शाळा सोडली. म्हणून म्हणतो ताई, माह्या बोलण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या, तुमी येऊन बसल्या हेच माह्यासाठी लय झालं. पण मालकाबद्दल जे बोलीन ते नरम करू नका. ते तसंच लिवा.

आमच्या गावाले हिवाळ्यात तंबूचा सिनेमा ये. तंबूच्या मधात पातळ कापडाचा पडदा, समोर सतरंज्या अन् खुर्च्या, मागं नुसती माती, ती आमच्या लोकायची जागा. मागूनही चित्र दिसे, पण आरशातल्यासारखं, उलटं. छप्पन साली आमी बौद्ध झालो, माय पांढरं लुगडं नेसून नागपूरहून आली, अन् त्याच हिवाळ्यात मले म्हणे, चाल, औंदा आपण समोर बसून पाहू. काय सांगू तुमाले तिची ऐट! तिकीट घेतलं अन् सतरंजीवर मधोमध जाऊन बसली. तंबूचा मालक आला, त्यानं तिले दंडाले धरून उठवलं, साऱ्या गावासमोर, म्हणे, धर्म बदलला म्हणून जागा बदलली काय वं? लोक हासले. माय माहा हात धरून मागं गेली. तथी बसून पायलं तर हिरो डाव्या हातानं जेवून राहिला, हिरोइनचा पदर भलत्याच खांद्यावर, अन् अक्षरं आली ती मले वाचताच ये ना. मधातच माय उठली. त्या दिवसापासून तिनं सिनेमाचं नाव काढलं नाई, अन् मी मालकाचं तोंड ध्यानात ठेवलं.

मोठा झालो अन् त्याच मालकाच्या तंबूत कामाले लागलो. काहून, असं इचारता ना? साप मारायचा तर त्याच्या बिळाशीच बसा लागते. त्यानं मले वळखलं नाई. असे किती जण उठवले असन त्यानं, तो कायले तोंडं ध्यानात ठेवते? सिनेमा दाखवाची मशीन मले तथल्या जुन्या मशीनवाल्यानं, गफूरचाचानं शिकवली. माही जात त्याले माहीत होती, तरी आपल्या डब्यातली भाकर मोडून दे. माह्या डोळ्यातलं त्यानं वाचलं असंन, एक दिवस म्हणे, बेटा, गुस्सा मशीन से दूर रख, फिलम को आग जल्दी लगती. त्या माणसाचं मी खाल्लं हाय ताई, त्याचे पांग फिटणार नाई. मोर्शी, वरूड, दर्यापूर, सारा मुलूख त्याच्यासंगं फिरलो. गावची आठवण आली का रडू ये, अन् नोकरी जाईन या धाकानं मालक नुसता खाकरला तरी मी उभा राहो.

मंग रेडिओवर आलं, का ज्या बाबानं आपल्या देशात सिनेमा रुजवला, बायकोचे दागिने गहाण टाकून, तिच्याच हातून फिलमीले छिद्रं पाडून घेऊन, त्याच्या नावानं सरकारनं सिनेमातला सगळ्यात मोठा मान सुरू केला. चाचाच्या डोळ्यात पाणी आलं. मालकाले भलतंच सुचलं. म्हणे, त्यानं देशात सिनेमा आणला, मी वऱ्हाडात आणला, मंग माहा मान कुठं हाय? अन् त्यानं धामणगावात सोताच सोताचा सत्कार ठेवला. साहेब बोलावले, अडत्ये बोलावले, त्या बाबाची एक जुनी मुकी रीळ मागवली. मुक्या सिनेमात आवाज नसते, कोण काय बोललं ते अक्षरात लिहून येते, त्याच्यावरच सारी कथा. आमच्या लोकायले मात्र मालकानं मागचंच तिकीट देल्लं. कायद्यानं जात बोलता ये ना, म्हणून तो म्हणे, पुढची जागा भरली.

मी मायले निरोप धाडला, ये, अन् मागं बस. ती गाडीनं आली, भांडली, मागं? अजून मागंच? म्हणलं माय, आजच्या दिवस ऐक.

चाचाची नजर कमी झाली होती, मशीन माह्या हाती होती. बोलत्या फिलमीले एका कडेनं आवाजाची पट्टी राह्यते, ती पलटली का सारा गोंधळ. मुकीले तसं काई नाई. मी रीळ पलटी मारून चढवली अन् केबिनची कडी आतून लावली.

अक्षरं आली. समोरून उलटी, मागून सुलटी! समोरचे मोठे लोक मुंड्या वाकड्या करून राहिले, अन् पडद्यामागून तथल्या आमच्या लोकायच्या वस्तीतल्या शाळेच्या पोरी मोठ्यानं वाचाले लागल्या. राजा काय म्हणते, राणी काय म्हणते, सारं. मालक दारावर थापा मारे, अबे उलटं हाय, हरामखोरा! मी आतून म्हणलो, चालत्या रिळीत हात घातला तर आग लागन मालक.

मंग मोठे साहेब उठले. शेटजी, मागं कोण बसलंय? मालक म्हणे, आपलेच लोक हायेत साहेब. साहेब म्हणे, आपलेच हायेत, तर मागं काहून? साहेब पडद्याले वळसा घालून मागं गेले, त्यायच्या मागं अडत्ये, अडत्यायच्या बायका. तथी सारे उभेच. एक जण माह्या मायले म्हणे, बाई, जरा सरकता काय? माय म्हणे, जागा भरली.

मी केबिनच्या भोकातून पायलं. समोर साऱ्या खुर्च्या खाली, अन् गळ्यात हार घालून मालक एकटाच बसला होता, आमच्या पोरींचा सिनेमा ऐकत.

दुसऱ्या दिवशी माही पेटी तंबूबाहेर. वाटलं चाचा शिव्या देईन, पण त्यानं अमरावतीच्या एका थेटरात शब्द टाकला, म्हणून आज खाऊन-पिऊन सुखी हावो.

आता मालक खाटेले लागला. परवा त्याचा लेक घरी आला, गरीब सभावाचा, खाली मान घालून बसला. म्हणे, बाबा तुमचं नाव काढतात, एकदा येऊन भेटा, त्यांचा जीव सुटेल. कोणाचं मरण माह्यापायी अडावं, हे बरं नाई. मी मायकडं पायलं. ती चुलीपाशी होती, तिनं मान वळवली नाई. म्हणे, पाहुण्याच्या चहात साखर बराबर टाक, त्यानं काई केलं नाई. अन् त्याले सांग, तुह्या बापानं उठवलं ते मले. भेटाचं असंन तर मले भेट म्हणा. चालता येत नाई तर खाटेसकट आणा.

पोरगा चहा पेला, पाया पडला अन् गेला. खाट अजून आली नाई. आमी दार लोटत नाई ताई, उघडंच ठेवतो.