कडा आत वळलेल्या होत्या

बसा, समदे बसा. डोंगरकडा गावाहून, पुसेगावाहून तुमी दुखवट्याला आलात, उपकार हायेत. माझ्यानं बोलवत न्हाई. पण संतोषचा थोरला भाऊ मीच. दुसरं कोन बोलंल?

सिद्धेश्वरच्या धरणात त्याला बुडी मारायला मीच शिकवलं. तेच शिकून तो समुद्रावर कामाला गेला, परदेशात. तिथं तळाला गॅसची नळी असती, शेकडो कोस लांब. ती तपासायचं त्याचं काम. मागं सुट्टीवर आला तवा मी इचारलं, “राखण कोन करतं रे तिची?” हसला. म्हनला, “दादा, कोनीच न्हाई. येवढ्या पाण्यात कोन राखंल?”

आपल्याकडं जाळं तुटलेलं निघालं तर आपन काय करतो? आधी तुटल्या जागी हात फिरवतो. फाटलं का कापलं, हाताला बराबर कळतं. मग काठावर चार मानसं बसली की कापनाऱ्याचं नाव निघतंच. व्हय का न्हाई?

तर ती नळी फुटली. त्याचा फोन आला. म्हनला, साहेब म्हनतेत गंजली असंल. मी काय म्हनलो? मी म्हनलो, “साहेबाचं सोड. तू हात लावून पाह्य.” मी म्हनलो, लोकहो. इथं घरात बसून, च्या पिऊन राहिलो होतो.

हे नासीरभाई. त्याच्याच कामातले. त्या दिवशी वर बोटीवर होते. त्यांनी सांगितलं, लांबूनच पाहायचा हुकूम होता. संतोष जवळ गेला. वायरीतून त्याचा आवाज आला, “कडा आत वळल्यात. भायेरून कोनीतरी फोडली.” नळीत गॅस उरला होता. तेवढ्यात ती पुन्हा फुटली. संतोष त्यातच गेला.

कागदावर अपघात लिहिलाय. त्याची बायको शोभा मला रोज इचारती, “दादा, कोन होतं?” काय सांगू? कोन्या देशाचं, कोन्या बोटीतून उतरलं, काहून उतरलं, कधीच कळनार न्हाई. अन् कळलं तरी नळी तशीच बिनराखणीची राहनार. उद्या कोनी पुन्हा फोडंल. पुन्हा कोनाचं तरी लेकरू खाली सोडतील.

नासीरभाई उद्याच परत चाललेत. संतोषच्या जागी आता तेच उतरनार. मी म्हनलो, जाऊ नका. ते म्हनले, “और क्या आता है मुझे, भाई?”

उभे राहा. दोन मिनिटं, माझ्या भावासाठी. नासीरभाई, तुमी बसूनच राहा. तुमाला या रांगेत उभं पाहिलं की पुढची पाळी तुमचीच वाटती, पाहवत न्हाई मला.