निळ्या दोऱ्याचे टाके

अगं, माजिवड्याच्या त्या पेटंट काढून देणाऱ्या कंपनीत काय झालं ऐक. मी नवी विळी बनवलेली, काम झालं की पातं आपोआप झाकणारी. नमुना कापडात शिवून, निळ्या दोऱ्याने टाके घालून त्यांच्याकडे तपासायला दिला. आठवड्याने बोलावलं.

साहेब म्हणाला, "मॅडम, आमच्या इंजिनिअरांनी विळी खोलून तपासली. जगात अशी वस्तू नाही! पेटंटची फी आजच भरा."

पार्सल टेबलावरच होतं. मी विचारलं, "खोलून तपासली?"

"एकेक स्क्रू काढून!"

"मग परत शिवलं कोणी? हे टाके तर माझेच आहेत."

तर साहेब म्हणतो कसा, "फीमध्ये डिस्काउंट देतो."

मी पार्सल काखोटीला मारलं. म्हटलं, "पेटंटचा अर्ज माझा मी भरेन. तुम्ही आधी पार्सल उघडायला शिका!"