फुटाला दोनशे

...नाही, पण मला एक सांगा, फुटाला दोनशे पौंड? फुटाला! मी काय पडद्याचं कापड घ्यायला गेलो होतो का हो? बोट रंगवायला गेलो होतो! आणि तो ट्रँटर, रंगारी, तिशीतलं पोरगं, माझ्या बोटीच्या ह्या टोकाला फीत लावतो, शिट्टी वाजवत त्या टोकाला जातो आणि म्हणतो, "सत्तावन्न फूट, राजा!" आता पबमध्ये मी आजवर साठ फूट सांगत आलोय. लायसनची फी फुटावर लागते, म्हणून त्या अर्जावर पंचावन्न. दोन्हीकडे खपलं! पण ट्रँटरच्या फितीला ना माझी इज्जत कळते ना माझा खिसा. सत्तावन्न गुणिले दोनशे... करू नका, गुणाकार करू नका, मी केला तेव्हा मला खाली बसावं लागलं होतं.

मी म्हटलं, "अरे बाबा, एवढा रंग पितं कोण?" तर म्हणतो कसा, "रंग स्वस्तच असतो, राजा. तयारी महाग!"

तयारी! लग्न आहे का कुणाचं?

आता तुम्ही म्हणाल, मग रंगवलीच कशाला? तुम्हाला सांगतो. ग्लेनिसमुळे. ग्लेनिस म्हणजे आमची बायको. मी पोस्टातून सुटलो तेव्हापासून आम्ही दोघं बोटीतच राहतो, स्टॅफर्डशायरच्या कालव्यांवर, मजेत. बोटीचं नाव डॅबचिक, एवढीशी टिबुकली असते ना, पाण्यात बुड्या मारणारा पक्षी, ती. रंग मीच दिलेला होता, स्वतःच्या हातानं. आता झाले असतील थोडे ओघळ, राहिले असतील ब्रशचे चार केस, आणि एक गांधीलमाशी ओल्या रंगात बसली ती बसलीच, पण म्हणून काय तिला नॉर्मन असं नाव ठेवायचं? येणाऱ्याजाणाऱ्याला ग्लेनिस सांगायची, "आत या ना, आधी नॉर्मनला भेटा!"

इथवर ठीक होतं हो. पण मग शेजारी पेटुला नावाच्या एका बाईनं आपली बोट आणून बांधली. काय सांगू तुम्हाला... आरसा! एकदा सकाळी बघतो तर ग्लेनिस पेटुलाच्या बोटीत बघून लिपस्टिक लावतेय! आणि पेटुला वरून, नाकातून, "लाव गं लाव, तुमच्याकडे बिचारी कुठे बघणार?" झालं. संध्याकाळी ग्लेनिसनं कढई आपटली. "विल्फ, ह्या उन्हाळ्यात बोट रंगव, नाहीतर मी निघाले डोरीनकडे. कायमची."

डोरीन म्हणजे तिची बहीण, वुल्व्हरहॅम्प्टनला फ्लॅट आहे तिचा. आणि ग्लेनिसची धमकी म्हणजे उगाच तोंडाची वाफ नाही. ही बाई एकदा म्हणाली होती, तुझ्या आईशी बोलणार नाही. आई गेली हो, पण ही बोलली नाही!

म्हणून रंग. बचत होती थोडी. आणि बिस्किटांच्या डब्यात इंजिनाचे पैसे वेगळे ठेवलेले, कारण इंजिन गेली दोन वर्षं खोकत होतं. त्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही, असं मी ठरवलं होतं.

बोट गेली ट्रँटरच्या शेडमध्ये आणि आम्ही गेलो डोरीनकडे. दुसऱ्याच दिवशी फोन. "राजा, खाली गंज निघाला."

"निघाला म्हणजे? किती?"

"सगळा."

बरं, गंज घासायचे वेगळे. खिडक्या काढायचे वेगळे, त्याच खिडक्या परत लावायचे आणखी वेगळे! म्हटलं, काढल्या त्या भावात लावत नाहीस का रे? तर, "रंग स्वस्तच असतो, राजा, तयारी..." अरे हो हो, कळलं! नॉर्मनला खरवडायचे सुद्धा लावले मेल्यानं! मग नाव लिहायचं, तर प्रत्येक अक्षराचे पैसे, आणि अक्षराला सावली हवी असेल तर सावलीचे निराळे. सावलीचे! मी उन्हात उभा राहिलो तर माझी सावली फुकट पडते हो!

तुम्ही म्हणाल, भांडायचं की! कसा भांडणार? इकडे डोरीनकडे बाथटब होता. तुम्हाला नाही कळायचं. बोटीवर आमची अंघोळ म्हणजे टाकी संपायच्या आत साबण निघाला तर नशीब. आणि इथे ग्लेनिस जेवून आत जायची ती चहाच्या वेळेला बाहेर यायची, गुलाबी होऊन, गाणं म्हणत! आणि डोरीन माझ्याकडे बघत, अगदी गोड आवाजात, "ग्लेनी, तुझ्यासाठी कपाट रिकामं करून ठेवू का गं?"

कपाट! म्हणजे कायमचीच की! तुम्हाला खोटं वाटेल, पण मला ती बाई हवी आहे हो. कढई आपटते, नॉर्मनचे विनोद करते, पण सकाळी डोळे उघडले की समोर तीच हवी. म्हणून ट्रँटर जे म्हणेल त्याला मी हो म्हणत सुटलो. हो, घास. हो, काढ. हो, टाक सावली. पण लवकर कर बाबा!

शेवटी बघायला गेलो तर हा पठ्ठ्या डोकं खाजवतोय. "झालंय तसं, राजा. शेवटचा चकाकीचा हात तेवढा राहिलाय. नसेल द्यायचा तर नको. दिसेल जरा मंद." आणि बघतो ग्लेनिसकडे! माझ्याकडे नाही, ग्लेनिसकडे! आणि ग्लेनिस नुसती म्हणाली, "डोरीनला विचारते, कपाटाचं काय केलं."

गेला बिस्किटांचा डबा.

पण चकाकली हो डॅबचिक, खोटं कशाला बोलू! हिरवीगार, कडेनं लाल रेघा, नावाला सावली. ग्लेनिसनं त्यात बघून लिपस्टिक लावली आणि माझा मुकाच घेतला. रंगाऱ्यासमोर! पेटुलाच्या बोटीसमोरून जाऊ म्हणाली. मुद्दाम. हळू.

शेडमधून बाहेर पडलो, पहिल्या पुलाखालून गेलो, आणि इंजिन म्हणालं खॉक्. मग म्हणालं खॉक्-खॉक्. मग काहीच म्हणालं नाही.

आता आमच्याकडे कायमची जागा नाही. पंधरवड्याच्या वर एका ठिकाणी बोट बांधून ठेवायची नाही, असा नियम आहे. इंजिन असो, नसो, हलवायची! पैसे? ते चकाकतायत ना! मग ओढणार कोण? मी! दोर खांद्यावर, काठच्या वाटेनं, सत्तावन्न फूट लोखंड मागे, आणि त्याच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून आमची ग्लेनिस, नवी हॅट घालून, राणीसारखा हात हलवतेय!

आणि लोक काय खूश! एक म्हातारी म्हणते, "अगं बाई, जुन्या पद्धतीनं! पूर्वी घोडे ओढायचे ना?" तिचा नवरा फोन काढून मला म्हणतो, "जरा बाजूला होता का? बोटीचा फोटो हवाय." अहो, मी बोटीलाच बांधलेला आहे! आणि पेटुला... पेटुला डेकवर उभी राहून बघतच राहिली. ग्लेनिसनं इतकी वर्षं माझ्याशी संसार केला, पण एवढी खूश मी तिला कधी बघितली नव्हती. मला वाटलं, जाऊ दे रे विल्फ, जिंकलास. राहिली बायको.

तेवढ्यात मागून आवाज, "विल्फ! दोर घासतोय रंगाला! वर धर, वर!"

धरला. दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर, तसाच ओढत निघालो. समोरून एक जण कुत्रा घेऊन येत होता. माझ्याकडे बघून थबकला. "काय हो, शरण आलात की काय?"

म्हटलं, "आलोय ना. पण थांबता येत नाही. थांबलो की बोट काठाला घासते."