रुमालाखालचा लिलाव

न्हाय धुळाप्पा, बैल न्हाईत ते. माणसंच हाईत. दोन पायांची, धडधाकट माणसं. इंग्लंडात राहतात, फुटबॉल खेळतात, आणि आमी त्यांचा इथं भूममधी लिलाव करतो. न्हाय, त्यांना माहीत न्हाय. त्यांच्या मालकांना पण माहीत न्हाय. चोरी कशी म्हणता? गडी तिकडंच राहतो की, ज्याच्या त्याच्या दावणीला. आमी नुसतं म्हणायचं, हा माझा. त्यानं तिकडं गोल मारला की इकडं फोनमधी मला मार्क पडतात. बास, एवढंच. वैरण नको, पाणी नको, शेण काढायला नको — तुमच्या धंद्यापेक्षा बराच हाय म्हणायचा — बरं, बरं, धंद्याला काही म्हणत न्हाय. उठू नका. तुमच्या दलालीतली शेवटची बैलजोडी गेली, आता भर दुपारचं कोण येतंय बाजारात? माझ्या पालाखाली सावली हाय, हे गोंडे जरा सरकवतो, बसा. मला एक काम हाय तुमच्याकडं. म्हणजे काम तसं झालेलंच हाय, फक्त तुमी व्हय म्हणायचं राहिलंय.

आधी सगळं सांगतो, मग रागवा. आमी तिघं हाओत. म्या, विरेश आणि बुद्धघोष. विरेश म्हणजे खताच्या दुकानवाल्या शरणबसप्पांचा, तो धिप्पाड, बोलला की वेशीपर्यंत ऐकू जातं तो. बुद्धघोष म्हणजे श्रीपतीबापूंचा, वीज कंपनीत लागलाय तो. दोघांच्या बापांना जोड्या तुमीच घेऊन दिल्या होत्या, म्हणूनच तर — थांबा, त्यावर येतो. आमी तिघं शाळेत एका बाकावर होतो. नववीत माझा बाप अंथरुणाला खिळला आन् म्या दप्तर ठेवून ही बैलांची घुंगरं विकायला घेतली. ते दोघं पुढं गेले, कालिजात गेले, लांब गेले. पण ही लीग — लीगच म्हणतात, आप्पा, मराठीत काय म्हणायचं मला ठाव न्हाय — ही लीग तिघांची राहिली. दर साली श्रावणात, तिकडं खेळ सुरू व्हायच्या आधी बसायचं आणि गडी वाटून घ्यायचे. एक गडी एकाचाच. मग मे महिन्यापर्यंत दर आठवड्याला मार्क मोजायचे. प्रत्येकाला शंभर चिंचोके, त्यातच बोली लावायची. पैसा न्हाय, जुगार न्हाय. चिंचोके.

दात? दात कसे बघणार आप्पा, फोनमधी दात कुठं दिसतात. वय लिहिलेलं असतं. अठराचं एक पोरगं हाय, तुमच्या हिशेबानं अदंत, अजून वळण लागायचंय पण पळतंय असं की बघत बसावं. एक तेहतिशीचा हाय, पुरा जुळलेला, गुडघे कुरकुरतात, पण कुठं उभं राहायचं ते त्याला बरोबर कळतंय. खोडी म्हणता? असतात की. लाथ मारतो का? आप्पा, लाथ मारतो म्हणून तर त्याला घ्यायचं. न मारणारा असला तर कोण विचारतंय. हां, बसके असतात काही. कुणाचा नुसता वारा लागला की आडवे, गडबडा लोळतात, तोंड झाकून घेतात. आपल्या बाजारात असल्याला कुणी फुकट पण नेणार न्हाय. तिकडं पंच येतो, त्याला उठवतो आणि गोलासमोर बॉल ठेवून म्हणतो, घे बाबा, मार आता. असला एक तरी आपल्याकडं लागतोच. म्या दोन वर्षं झाली त्याच्यावर टपून हाय.

हसा, हसा. आई पण हसते. ती म्हणते, इंग्लंडातल्या माणसाचा गुडघा दुखला तर तुझ्या घशाखाली घास उतरत न्हाय, आणि माझा गुडघा दोन उन्हाळे दुखतोय तर तुला आमटीत मीठ कमी लागतंय. खरं हाय तिचं. पण तिच्या गुडघ्याला मार्क न्हाईत ना, आप्पा.

जरा थांबा हं, गिऱ्हाईक हाय. — ती माळ व्हय? पितळी हाय मामा, वाजवून बघा. लई होतात? बरं, मग तुमी सांगा. एवढेच? … बरं, न्या. पोळ्याला चांगली दिसेल. — असं बघू नका आप्पा. व्हय, पडत्या भावानंच दिली. माझ्या तोंडाकडं बघून कुणी 'लई होतात' म्हटलं की मला वाटतं, खरंच लई होत असतील. शांताक्काचा पोरगा गोंडे विकतो का दान करतो, असं बाजार म्हणतोय, माझ्या कानावर हाय ते. काय करू, घासाघीस करायला तोंड लागतं. तुमच्यासंगं कसा बोलतोय म्हणता? तुमी नुसतं विचारता, मधी बोलत न्हाय ना. ज्याला मधी बोलायची सवय, त्याच्यापुढं माझं तोंड शिवलेलं.

तर गेल्या सालचा लिलाव. तो केला विरेशच्या दुकानावरच्या गच्चीत, तोंडी. तोंडी म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचा गडी. विरेश ओरडतोय पंधरा, बुद्धघोष म्हणतोय सोळा, आणि म्या आपला बोट वर करून बसलोय शाळेत एकी-दुकी मागितल्यासारखा. माझा आवाज फुटस्तोर सौदा तुटलेला. चिंचोके तसेच माझ्या पुढ्यात. शेवटी उरलासुरला माल माझ्या गळ्यात आला. त्यात तीन गोलकीपर. गोलकीपर म्हणजे जो जाळीपाशी उभा राहतो तो. खेळवता येतो एकच. बाकीचे दोघं म्या मे महिन्यापर्यंत नुसते बांधून पोसले. शेवटचा आलो, दुसरं काय होणार.

शेवटचा आला की काय? ते पण सांगतो, तुमी कुणाला बोलू नका. न्हाय, गावाला माहीत हाय, तरी पण. जो शेवटचा येतो त्यानं पोळ्याला बैलासारखं बाशिंग बांधून वेशीपासनं मारुतीपर्यंत चालायचं. तीनदा चाललोय म्या. बाशिंग तरी घरच्या दुकानातलं, भाड्यानं आणावं लागत न्हाय. आणि लाज वाटत न्हाय मला — म्हणजे वाटते, लई वाटते, कान तापतात — पण एका बाजूला विरेश हलगी बडवत असतो, दुसऱ्या बाजूला बुद्धघोष कासरा धरून 'चल सर्जा' म्हणत असतो, आणि तिघांच्या पोटात हसून हसून कळ येते. त्या दिवशी मला वाटतं, शाळा सुटलीच न्हाय आपली.

मग गेल्या साली काय झालं? सांगतो. एक लांबडा गडी होता, ज्याच्याकडं तो, तोच पहिला येणार. विरेश चढवत गेला, बुद्धघोष चढवत गेला. विरेशचे चिंचोके संपत आले. बुद्धघोष गप आवाजात म्हणाला, एकेचाळीस. आणि विरेश म्हणाला — हसत म्हणाला, मस्करीत म्हणाला, पण म्हणाला — 'घे बाबा, तुला काय, तुमाला सगळंच सवलतीत मिळतंय.'

हां. तुमी खाली बघायला लागलात. गच्चीत पण तसंच झालं.  बुद्धघोषनं ओंजळीतले चिंचोके सतरंजीवर ठेवले, एक पण सांडू न देता, आणि जिना उतरून गेला. परीक्षेला तो रस्त्याच्या दिव्याखाली बसायचा, आप्पा, घरात वीज नव्हती. आता सगळ्या तालुक्याची वीज त्याच्या हातात हाय. विरेशला हे माहीत न्हाय का? त्याच दिव्याखाली त्याच्या शेजारी हाच डास मारत बसायचा. पण तोंड हाय, सुटलं की सुटलं.

आठ दिवसांनी पोळा आला. म्या वाट बघितली. मग एकटाच बाशिंग बांधून निघालो — त्याच्या आधल्या साली पण शेवटचा म्याच होतो, आणि कायदा म्हणजे कायदा. ना हलगी, ना कासरा. कुणी हसलं न्हाय, आप्पा. एका म्हातारीनं थांबवलं, कपाळाला हात लावून बघितला आणि विचारलं, बरं हाय ना रे लेकरा? तिथनं मारुतीपर्यंत बाशिंग काखेत मारून गेलो.

तवापासनं दोघं बोलत न्हाईत. आमचा तिघांचा ग्रुप हाय फोनवर, त्यात वर्षभर म्या एकटाच सकाळची फुलं टाकतोय. त्यांना दुसरे दोस्त हाईत, कंपनीतले, कालिजातले. माझे हे दोनच. त्यात पण ते एकमेकांशी बोलत न्हाईत म्हणून मला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते, आणि एकदा सांगायलाच मला किती जड जातं ते तुमी बघितलंय. पण गंमत सांगू? भांडण झालं, तरी खेळ कुणी सोडला न्हाय. बुद्धघोषनं जिना उतरायच्या आधी जेवढे गडी घेतले होते तेवढेच घेऊन वर्षभर खेळला. दर आठवड्याला कप्तान बदलायचा असतो. मनात राग असता तर कोण बदलत बसलं असतं? दोघांनी पण एक आठवडा चुकवला न्हाय. आणि विरेशच्या दुकानात जाऊन बघा, काट्याच्या शेजारी एक कागदाची पुडी हाय. गिऱ्हाइकं विचारतात, कसलं बी हाय हे? तो म्हणतो, विकायचं न्हाय. बुद्धघोषचे चिंचोके हाईत ते. तसेच ठेवलेत त्यानं.

म्हणून म्हटलं, यंदा तोंडी नको. यंदा रुमालाखाली. तुमी बैलाचा सौदा करता तसा. रुमाल टाकायचा, हात आत घालायचा, तुमची बोटं धरून भाव सांगायचा. कुणी ओरडायचं न्हाय, कुणी कुणाला बोलायचं न्हाय, हरलेल्याची बोली कुणाला कळायची न्हाय. बोट म्हणजे किती चिंचोके, ते तुमी ठरवा. आणि माझं पण — म्हणजे तुमी बघतायच तर कबूल करतो — माझं पण भलं हाय त्यात. बोटं माझी चांगली चालतात, आप्पा. गोंडे विणून विणून. बोटांना लाजायचं माहीत न्हाय. यंदा तो बसका माझा.

फक्त एक हाय. म्या विरेशला सांगितलं, धुळाप्पांनी बोलावलंय, यंदाचा लिलाव त्यांच्या रुमालाखाली, बुद्धघोष येणार हाय. आणि बुद्धघोषला सांगितलं, धुळाप्पांनी बोलावलंय, विरेश येणार हाय पण एक शब्द बोलणार न्हाय. दोघं पण हेच म्हणाले — आप्पांनी बोलावलंय तर यावं लागेल.

तुमी कधी बोलावलं? तेच तर. तुमी न्हाय बोलावलं. तुमाला आत्ता कळतंय. रागवा. सांगितलं होतं ना, आधी ऐका, मग रागवा.

आणि आणखी एक कायदा हाय, नवा. लिलाव झाला की एक अदलाबदल करायची. विरेशनं आपला एक गडी द्यायचा, बुद्धघोषचा एक घ्यायचा. सक्तीची. आणि ती दोघांनी एकमेकांत करायची, मधी दलाल न्हाय, रुमालाखाली एकाचा हात दुसऱ्याच्या हातात. कुणी केला कायदा म्हणता? म्याच. आज सकाळी. म्हशीची धार काढताना.

काय? हात कशाला? माझा हात? हा घ्या. रुमाल — आप्पा, घामाचा वास मारतोय हा. बरं, बरं. … हे एक बोट. हे दुसरं. अंगठा. पुन्हा एक. म्हणजे काय? तुमी तोंडानं सांगा की. … थांबा. चार? चार काय? चौथा संघ? तुमाला पण शंभर चिंचोके पाहिजेत? आप्पा, तुमाला फुटबॉल — न्हाय, न्हाय, हात सोडू नका, घातलं तुमचं नाव, घातलं. आणि हे काय दाबताय, करंगळी? तो अदंत पोरगा? लिलावाआधीच तुमचा? हा अन्याय हाय. आमच्यात असलं चालत न्हाय. … बरं. चालतंय. सौदा पक्का.

ते बघा, आला विरेश. त्या म्हशींच्या पलीकडनं. हातात काय हाय? पुडीच हाय. बघितलंत? आणि तिकडं लिंबाखाली गाडी लावतोय तो बुद्धघोष. लॉक करून झालं तरी परत परत करतोय. आप्पा, आता तुमी सांभाळा, मला काही सुचत न्हाय, माझे कान तापलेत.

ये विऱ्या, बस. घोषा, तू इकडं ये, उन्हात नको. न्हाय, बोलू नका कुणी, आप्पांचा कायदा हाय. … आप्पा, दोघांना एकदम का धरलं? अदलाबदल शेवटी हाय. आधी लिलाव. अजून एक पण गडी कुणी घेतला न्हाय, अदलाबदल कशाची करतील? आधी त्या लांबड्याची बोली लावा. … दोघांचे हात आत गेले? आणि तुमचा? तुमी तर तंबाखू मळताय. दोन्ही हातांनी. मग रुमालाखाली चाललंय काय? विऱ्या, अरे पुडी सांडली, चिंचोके — राहू देऊ? बरं, राहू दे. आप्पा, कितीवर आलं ते तरी बघा. एवढा वेळ तर खिल्लारी जोडीला पण लागत न्हाय, आणि ह्यांची बोटं तर हालत पण न्हाईत, नुसतीच —

गप बसू?

बसलो.