वाढवून मागितलेले चार आठवडे

समारंभाच्या अध्यक्ष, सैनिक कुटुंब कार्यालयाच्या माननीय प्रमुख अधिकारी बाई. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे. माजी सैनिक संघटनेतले माझे जुने सोबती. समोर बसलेल्या वीरमाता, वीरपत्नी, बंधू-भगिनींनो. आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो, पण ज्यांना त्या सजवलेल्या खुर्चीत बसवताना संयोजकांच्या नाकी नऊ आले, ते आज निवृत्त होणारे आपल्या कार्यालयाचे चालक, आपले दादा.

सूत्रसंचालक ताईंनी मघाशी माझ्या हातात चिठ्ठी दिली आहे. तीत लिहिलंय, 'चार मिनिटं. शक्यतो आनंदी आठवणी.' मी पायदळात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली चौदा कवायत शिकवण्यात. आदेश पाळायची सवय आहे. पण आजचा हा आदेश मला पुरता पाळता येईल असं वाटत नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं.

दादांनी एकोणीस वर्षं कार्यालयाची राखाडी गाडी चालवली. ही गाडी कशासाठी निघायची, ते या वसाहतीत कुणाला सांगायला नको. तिच्यातून अधिकारी यायचे, त्यांच्या हातात कागद असायचा. तिच्या आवाजाला आपण किती घाबरायचो, आठवतं ना? गाडी कोपऱ्यावर वळली की नळावरच्या बायकांचं बोलणं तुटायचं. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थांबायचा. गाडी पुढे गेली की सगळे सुटकेचा श्वास सोडायचे, आणि मग आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याची ज्याची त्याला लाज वाटायची.

या माणसाच्या वाट्याला काय आलं असेल, याचा विचार आपण केला का? स्वतःच्या मुलीच्या लग्नाला ते सगळ्या घरादाराला घेऊन पायी गेले. कार्यालयाने गाडी देऊ केली होती. म्हणाले, "नको. व्याही दारातच कोसळायचे." एकदा भाजी घेताना एका बाईने त्यांना पाहिलं आणि हातातली पिशवी तिथेच टाकून ती घराकडे पळत सुटली. दादा त्या दिवशी सुट्टीवर होते, हातात दुधी भोपळा. तेव्हापासून भाजी त्यांची बायको आणते.

आम्ही संघटनेतली मंडळी त्यांना 'सावकाश' म्हणायचो. गाडी इतकी हळू चालवायचे की सायकलवाले मागे टाकून जायचे. आम्ही खूप हसलो त्यावर. एकदा मी विचारलंसुद्धा, "दादा, गिअर अडकलाय की तुम्ही?" ते नुसते हसले. त्याचं उत्तर मला तीन वर्षांपूर्वी मिळालं. तेच सांगायला मी उभा आहे.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. त्या वर्षी सरकारने जाहीर केलं, टेकडीवरची चौकी सोडायची, फौजा माघारी आणायच्या. महिन्याची पाच तारीख ठरली. त्या टेकडीवर मीही दोन हिवाळे काढलेत. माझा धाकटा भाऊ तिथेच गेला. त्याचं जे काही उरलं ते तिथल्याच दगडांत आहे. चौकी सोडणार हे रेडिओवर ऐकलं, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी त्याला दुसऱ्यांदा तिथे टाकून येतंय.

आमच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. अर्ध्या वसाहतीचे गणवेश त्यांच्या हातचे. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा, तो त्या वेळी टेकडीवर रेडिओ सांभाळायचा. सरकारचं मन फिरू नये म्हणून ताईंनी एक अर्ज लिहिला, 'आमच्या मुलांना ठरल्या दिवशी घरी आणा', आणि दारोदार सह्या घेत फिरल्या. माझ्या दारीही आल्या. मी सही केली नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तर निदान माणूस म्हणून बरा ठरलो असतो. मी म्हणालो, "ताई, सैनिकाच्या आईने असं भित्रेपण दाखवू नये. पोराचे पाय लटपटायला लागतात."

 ताईंनी कागदाची घडी घातली आणि त्या गेल्या.

स्वयंपाकघरातून आमची ही बाहेर आली. म्हणाली, "तुमच्या भावासाठी दुसऱ्या कुणा आईचा मुलगा तिथे किती दिवस बसवणार?" मी तिच्यावर आवाज चढवला. माझा आवाज कसा आहे, तुम्ही ऐकताच आहात. मला माईक लागत नाही. तिने त्या अर्जावर सही केली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मग मी दुसरा अर्ज लिहिला, माजी सैनिकांच्या वतीने. 'रक्त सांडून मिळवलेली जागा अशी घाईने सोडू नये, फेरविचार व्हावा.' एकतीस सह्या. पहिली माझी. सह्या करणारे काही जण आज समोर बसलेत. त्यांना मी दोष देत नाही. मजकूर माझा होता, आणि त्यांच्या गळी मी तो उतरवला.

आठवड्याभरात बातमी आली. माजी सैनिकांच्या भावना लक्षात घेऊन माघार चार आठवडे पुढे ढकलली होती. मी संघटनेत सगळ्यांना चहा पाजला. पाठीवर थापा पडल्या. मला वाटलं, भाऊ बघत असेल.

पुढे एक वरिष्ठ अधिकारी मला म्हणाले, "मास्तर, तुमचा अर्ज कुणी उघडूनही पाहिला नसेल. रस्ता खचला होता, म्हणून उशीर झाला. भावनांचं आपलं छापायला बरं दिसतं." ते खरं बोलले, की म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलले? मला आजवर कळलेलं नाही. कळणारही नाही.

त्याच महिन्याच्या एकोणतीस तारखेला सकाळी दहाच्या सुमारास राखाडी गाडी माझ्या दाराशी थांबली. मला मुलगा नाही, तरी मी दाराची चौकट धरली. दादा खिडकीतूनच म्हणाले, "मास्तर, कोट घाला. संघटनेतर्फे कुणीतरी लागतं. साहेब लोक परतणाऱ्या तुकड्यांना घ्यायला गेलेत. कागद माझ्याकडे दिलाय."

मी विचारलं, "कुणाकडे जायचंय?"

त्यांनी कागद पुढे केला. चौकीवर पहाटे तोफगोळा पडला होता. एकच जण गेला होता. रेडिओवाला.

माझ्या दारापासून ताईंचं दार चालत तीन मिनिटांवर आहे. दादांनी गाडी मोठ्या रस्त्याने घेतली, वळसा घालून, नेहमीसारखी सावकाश. मला सहन होईना. मी म्हणालो, "दादा, जरा लवकर चला. हे मला फार वेळ धरवणार नाही."

दादा रस्त्याकडे बघतच म्हणाले, "मास्तर, त्या घरात तो अजून जिवंत आहे. आपण पोचेपर्यंतच."

मंडळी, सोळा वर्षं आम्ही या माणसाला 'सावकाश' म्हणून हसलो.

गाडी थांबली. दादा कधीच गाडीतून उतरायचे नाहीत. उतरायचे ते अधिकारी. मी उतरलो. दार उघडंच होतं. ताई मशीनवर होत्या, खिडकीचे नवे पडदे शिवत होत्या. मुलाची खाट उन्हात काढली होती. मला पाहून त्या हसल्या. आता चौकी सुटायला चारच दिवस उरले होते, गाडीची भीती सगळ्यांचीच ओसरली होती. मला म्हणाल्या, "या मास्तर. सही करायला आलात होय? उशीर केलात, पण या."

हातात कागद होता. परेडच्या मैदानावर पाचशे माणसं हलवणारा आवाज माझ्या घशातून निघेना. मी उभाच राहिलो. इतका वेळ, की दादांना गाडीतून कळलं असावं. मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

ताईंची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. त्या चटकन उठल्या आणि अगदी आर्जवाने म्हणाल्या, "दादा, तुम्ही बसा ना गाडीत. तुम्ही उतरू नका."

दादा आत आले. टोपी काढली. कागदात लिहिलेलं एकही वाक्य त्यांनी म्हटलं नाही. म्हणाले, "ताई, आपला मुलगा गेला. आज पहाटे. तो एकटा नव्हता, माणसं होती जवळ."

त्या रडल्या नाहीत. मशीनच्या सुईखालून पडदा काढला, दोरा तोडला. मग विचारलं, "आज तारीख किती?"

दादांनी सांगितली. एकोणतीस.

"त्याला पाचला यायचं होतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, अगदी साधेपणाने, वाट विचारावी तसं विचारलं, "मास्तर, हे मधले दिवस कुणी मागून घेतले हो?"

मी उत्तर दिलं नाही. दादांना ठाऊक होतं. मी पाजलेला चहा त्यांनीही घेतला होता.  पुढची तीन वर्षं ते कुणाकडे बोलले नाहीत. त्यांना मी एकदा विचारलं, तुम्हाला ही सगळी माणसं आठवतात का? म्हणाले, "नावं नाही आठवत. दारं आठवतात. कडी कुठल्या बाजूला, उंबरा उंच की बसका. या गावात मला चालायला आता दोनच रस्ते उरलेत, मास्तर." त्या दोन रस्त्यांवर एकही दार असं नाही, जिथे त्यांनी गाडी थांबवली.

माझं सांगायचं तर, ताईंचं मशीन माझ्या अंगणात ऐकू येतं. त्या दिवसानंतर बरेच आठवडे ते बंद होतं. मग पुन्हा सुरू झालं. आता ते मधेच थांबलं की मी हातातलं काम टाकून उभा राहतो. दोरा संपला असेल, कुणी गिऱ्हाईक आलं असेल. पण ते पुन्हा सुरू होईपर्यंत मला बसता येत नाही. ही म्हणते, "बसा आता." मी बसत नाही.

गेल्या आठवड्यात मी दादांकडे गेलो. म्हटलं, तुमच्या निरोपाला हे सगळं बोलू का? तुमच्या आनंदात माझं रडगाणं नको. ते म्हणाले, "एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या पोचवल्या. ही तुमची आहे. ही तुम्ही पोचवा. आणि आधी व्यासपीठावर नाही, आधी दारात."

म्हणून आज सकाळी मी पायी ताईंकडे गेलो. उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं, ते दिवस मी मागितले होते. पहिली सही माझी.

ताई म्हणाल्या, "माहीत आहे. मुलगा गेला त्याच आठवड्यात तुमच्या बायकोने येऊन सांगितलं होतं."

मी म्हणालो, "मग तीन वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही येता का, बघत होते."

 निघताना मी विचारलं, सभागृहात काय बोलू? त्या म्हणाल्या, "टेकडीवर कुणाचे किती गेले याचं भाषण करू नका, ते सगळेच करतात. दोन तारखा सांगा. लोकांना हिशेब येतो."

तर मंडळी, त्या दोन तारखा. पाच, आणि एकोणतीस.

माझे जुने सोबती माझ्यावर रागावतील. लढाईत माघार घेणं म्हणजे काय, हे मला शिकवू नका. मी ते शिकवलंय. कुठली जागा धरावी, कुठली सोडावी, याची अक्कल मला आजही आली आहे असा माझा दावा नाही. माझा भाऊ तिथे आहे, म्हणून टेकडी आजही माझ्या छातीवर आहे. पण आणखी थोडे दिवस धरा असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने ते घरात खुर्चीवर बसून म्हणू नये. दादांच्या शेजारच्या सीटवर बसावं, कागद मांडीवर घ्यावा, आणि मग म्हणावं. तिथून ते म्हणता येतं का, बघावं.

दादा, उद्यापासून तुम्ही मोकळे. टेकडीवर आता आपली फौज नाही. तिथे कोण आहे, मला ठाऊक नाही. नुसता वाराच असेल कदाचित. पण गाडी कार्यालयाच्या आवारात उभी आहे आणि कालच नव्या चालकाची नेमणूक झाली आहे. ते समोर बसलेत, तरुण आहेत. त्यांना मी एवढंच सांगेन, बाबा रे, हळू चालव. आम्ही हसलो तर हसू दे.

दादांच्या घरच्यांचे, विशेषतः इतकी वर्षं भाजी आणणाऱ्या वहिनींचे, मी संघटनेतर्फे आभार मानतो. अध्यक्ष बाईंनी मला बोलू दिलं, सूत्रसंचालक ताईंनी एकदाही घंटा वाजवली नाही, त्यांचाही मी ऋणी आहे. मागच्या रांगेत, दाराजवळ, ताई येऊन बसल्या आहेत. येईन असं त्या म्हणाल्या नव्हत्या.

बोलताना एखादा शब्द वावगा गेला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळ तर मी खाल्लाच आहे; तेवढं सभागृहाने पोटात घालावं. त्यापलीकडचं जे आहे, त्याची माफी मी मागत नाही. ती देण्याचा अधिकार या सभागृहात एकाच व्यक्तीला आहे, आणि त्यांनी ती द्यावी असं त्यांना कुणीही, माझ्या घरच्यांनीसुद्धा, सुचवू नये.

मी थांबतो.