विरजणात काय देव बसलेत?

हॅलो?… हां, बोल. नाही, थांब, तू नको बोलू. इस्त्री बाजूला ठेवते नि तुला एक गोष्ट सांगते… अगं ऐक ना, सून कुठंय ते गोष्टीतच येतंय.

तर एक सासू होती… होती अशीच एक, तुला काय करायचंय? तिची सून बसमध्ये कंडक्टर. पोरीला दुखणी दोन. गर्भपिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढतं, ते एक, आणि आतडी सदा रुसलेली, ते दुसरं… नाटक? दुर्बीण घालून बघितलंय डॉक्टरनं. पाळी आली की पोरगी पिळलेल्या फडक्यासारखी होते.

मग ती आहारवाली बाई म्हणाली, काही आठवडे कांदा-लसूण बंद, गहू कमी, मग एकेक परत खाऊन बघायचं. आणि चांगल्या जंतूंच्या गोळ्या. गुण येईलच असं नाही, पण बघू म्हणाली… हो, हो, जंतूंच्याच.

सासूनं जंतू ऐकलं नि शी शी करत सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या, वर फिनेल… ऐक की. आणि हीच बया रोज दुधाला विरजण लावते. त्या विरजणात काय देव बसलेत? जंतूच ना?

तेवढ्यावर भागलं नाही. सुनेचे नखरे उघडे पाडायचे म्हणून आज कांदा-लसूण गंधासारखा वाटून डब्याच्या भाजीत घातला. पोरीनं विचारलं, कांदा नाही ना? तर म्हणे, नाही गं… मला कसं कळलं? तिच्या डब्यात उरलेली भाजी मी चाखली.

कोण सासू म्हणतेस?… हो, तूच.

भरल्या बसमध्ये वाकली गं ती. तिकिटांची पिशवी ड्रायव्हरकडे टाकून माझ्या दुकानापाशी उतरली, ती थेट संडासात. आता इस्त्रीच्या टेबलाखाली निजलीय. चादर गरम करून पोटाशी देते, गार झाली की दुसरी. बोलली एकच, "मावशी, घरी जेवायची भीती वाटते."

तुला जंतूंची किळस ना? मला तुझी आली. सख्ख्या बहिणीची…

रडू नको. आणि माफी राहू दे, ती तुला लहानपणापासून धड मागता येत नाही… हो… हो, उठलीय. देते तिला फोन. एवढंच विचार, किती दुखतंय गं. आणि ती सांगायला लागली ना, की माझे आई, मध्ये बोलू नकोस.