सव्वीस नवखे आणि एक तयार

(नेकनूरकडच्या एका गावची जत्रा. चैत्रातली दुपार. कुस्तीच्या मैदानाकडेला पंचांचं टेबल.)

सिदू : काकू, आता बास करा. सकाळधरनं सत्तावीस लेकरं झाली. चहाचं पार पाणी झालं, भाकरीवर मुंग्या फिरायल्यात.

केशरबाई : मग मुंग्या झटक आन् खा की. तुला धरलंय कुणी?

सिदू : धरलं न्हाई हेच तर सांगायलोय! सत्तावीस जणं कुस्तीला आली आन् मला हात लावला सातांनी. बाकीची आपली आपणच पडली.

केशरबाई : तसं लिहायला वहीत रकाना न्हाई, सिदू. कमिटीनं ठरवलंय, जो सिदूला पाडील तो तयार, जो सिदूकडून पडंल तो नवखा. दोनच रकाने.

सिदू : रामेश्वरचा अंगद तर मी उठायच्या आधीच पडला. मी चपला काढत व्हतो. खाली पडूनच इचारतो, 'काका, झालो का मी नवखा?'

केशरबाई : मग तू काय म्हणालास?

सिदू : म्हणलं, बाळा, आधी उभा तर राहा. तर बाप तिकडनं वरडतो, 'पडला, पडला, लिवा!' वरीसभर हाटेलात सांगत व्हता, माझा अंगद वासरू उचलतो म्हणून.

केशरबाई : मला म्हणाला, काकू, त्याला जिना सुदिक नीट चढता येत न्हाई.

सिदू : मधी मला शिंक आली. दोघं पडले. त्यातला एक तर रांगेत व्हता, त्याचा नंबर यायचा व्हता.

केशरबाई : तो न्हाई धरला मी. त्याला नंबर आल्यावर परत पडायला लावलं.

आप्पा : वैनी, अवो किती येळ? माजलगावच्या तालमीचे वस्ताद आलेत, पोरं निवडून न्यायची म्हणतात. चार वाजता जीप हलवणार. जोड्या लावा लवकर.

केशरबाई : लावल्या, भावजी. सव्वीस नवखे, त्यांच्या चिठ्ठ्या टाकून तेरा जोड्या. तयार गटात एकच नाव. धनश्री.

आप्पा : कुणाची?

सिदू : माझी.

आप्पा : आता एकीची जोड कुणासंगं लावायची? असं करा, तिला नारळ द्या, फेटा बांधा, माईकवर सत्कार करू.

सिदू : मागल्या साली बी नारळच दिला, आप्पा. त्याच्या आधल्या साली बी. जोड न्हाई म्हणून. पोरगी म्हणती, बाबा, मी कुस्ती खेळते का नारळ गोळा करते?

आप्पा : मग घाला नवख्यात.

केशरबाई : कशी घालू? सिदूला पाडलंय तिनं.

आप्पा : सिदू बाप हाय तिचा. लेकीसाठी पडला असंल.

सिदू : हे नका बोलू, आप्पा. माप म्हणून मला तुमीच उभं केलंत. तुमीच म्हणालात, सिदू दुसऱ्याची मेंढरं मोजतो तर एक इकडचं तिकडं करत न्हाई, सिदूच पायजे. माझी लेक आली की माप खोटं झालं?

आप्पा : तसं न्हाई बे. लोक काय म्हणतील, ते सांगायलोय.

सिदू : मी पडलो न्हाई. तिनं पाडलं. खोटेपणा केला तो दुसऱ्या बारीला, आता सांगूनच टाकतो. तिला बाजूला घेतलं, म्हणलं चल परत एकदा. आन् कानात म्हणलं, पड माझे बाई. पडलीस तर नवख्यात जाशील, कुणीतरी जोड मिळंल, वस्तादांच्या नजरंला पडशील.

केशरबाई : अगं बाई! मग?

सिदू : मग काय. पहिल्यांदा नुसतं पाठीवर टाकलं व्हतं. दुसऱ्यांदा डोक्यावरनं. ही कंबर बघा, वाकता येईना. वर हात देऊन उठवती आन् म्हणती, 'बाबा, पडायचं शिकवलंच न्हाई तुमी.'

आप्पा : ही गटाची भानगड काढलीच कावून म्हणतो मी? आमच्या दादाच्या काळात वजन बघायचे, दोघांचे हात हातात द्यायचे, मैदानाला एक फेरी मारायचे. झाली जोड.

केशरबाई : तुमचे दादा गेल्यापासनं या टेबलाशी मी बसते, भावजी. मागल्या साली तशीच लावली व्हती जोड. दोघं अडतीस किलो. टाळी वाजायच्या आत अंगदच्या खांद्याचं हाड मोडलं. समोर कोण व्हतं, ते तुमाला ठावं हाय.

आप्पा : माझा लखन व्हता. पण त्यानं मुद्दाम न्हाई केलं.

केशरबाई : मुद्दाम कोण म्हणतंय? एक सहा महिन्यांचा, दुसरा चार वर्सं मातीत लोळलेला. म्हणून गट काढले. आन् आज सिदूच्या चपला निघायच्या आधीच अंगद पडला तो कशासाठी? लखनच्या तावडीतनं सुटायला. आता लखन बी नवखा. चिठ्ठीत जोड निघालीय, लखन आन् अंगद.

आप्पा : चिठ्ठीला कोण काय करणार.

सिदू : आप्पा, एक इचारू? रागावणार न्हाई ना?

आप्पा : इचार.

सिदू : लखन माझ्यासमोर पडला, ते बघितलं का तुमी? हनुवटी छातीला, हात जमिनीला सपाट, अंग गोल. धूळ सुदिक उडाली न्हाई. लई सुंदर पडला. नवखा असा पडत न्हाई, आप्पा. नवखा धपकन पडतो आन् आईला हाक मारतो.

आप्पा : चांगला पडला म्हणून गुन्हा हाय का?

केशरबाई : भावजी, लखननं डोक्याला मफलर कावून गुंडाळलंय?

आप्पा : कान दुखतोय.

केशरबाई : कोणता?

आप्पा : दोन्ही. वारं लागलं.

सिदू : वारं? माझी मेंढरं बाभळीची सावली सोडंनात.

केशरबाई : तीस वर्सं तालमीतल्या पोरांच्या कानाला हळद लावलीय मी या हातानं. माती घासून घासून कान कसा टम्म पुरीवानी व्हतो, ते मला आंधळी झाले तरी कळंल. लखनचा डावा मागच्या श्रावणात फुगला, उजवा दसऱ्याला. हळद मीच लावली.

आप्पा : मफलर काढायचा नियम हाय का वहीत?

केशरबाई : न्हाई.

आप्पा : मग झालं तर.

केशरबाई : झालं. निदान त्याला पाणी तरी पाजा. भोवळ येऊन पडला तर कोणत्या रकान्यात लिहू?

आप्पा : लखन! ए लखन, इकडं ये! न्हाई, राहू दे, तिथंच सावलीत बस! … घामानं भिजलंय वो पोरगं.

सिदू : दिसायलंय.

आप्पा : तो नको म्हणत व्हता. मीच बांधलं मफलर, वैनी. पडायचं बी मीच सांगितलं. सकाळी म्हणाला, आप्पा, मला धनश्रीसंगंच खेळायचंय, दुसऱ्या कुणाकडनं मला काय शिकायला भेटत न्हाई.

सिदू : मग खेळू द्या की. वजन सारखं, उमर सारखी.

आप्पा : दिवाळीत खेळलेत ते दोनदा. तालमीचं दार लावून.

सिदू : ठावं हाय.

आप्पा : तुला कुणी सांगितलं?

केशरबाई : दाराला फटी हायेत, भावजी. समद्या गावाला ठावं हाय. तुमच्या तोंडावर कुणी बोललं न्हाई, इतकंच.

आप्पा : जत्रेचा अध्यक्ष मी. कमानीवर माझा फोटो. आन् त्या कमानीखाली माझा लखन पोरीकडनं …

सिदू : वस्ताद जीपकडं निघाले, आप्पा.

आप्पा : थांबव त्यांना. म्हणावं, एक कुस्ती राहिलीय.

सिदू : ही कंबर घेऊन पळू?

आप्पा : पळ बे!

केशरबाई : लखनला इकडं घेतला तर अंगदची जोड मोडती.

आप्पा : त्याला नारळ द्या. दोन द्या, खूश होईल पोरगं. तयार गटात लिवा, जोड पहिली.

केशरबाई : लिहिते. आधी कुणाचं नाव घालू?

आप्पा : धनश्रीचं घाला. आमच्या लखनपेक्षा चांगली हाय ती, वैनी.